बयाबाईंच्या दोन गोळ्या

उचगाव, ८ जून १९९८

चि. संघप्रिया हीस अनेक आशीर्वाद.

आजपासून या दवाखान्याची संध्याकाळ तुझी, सकाळ माझी. छाती उघडून पुन्हा शिवल्यापासून मला दिवसातून एकदाच दवाखान्यात बसायची परवानगी आहे, आणि तुझ्या काकूंनी त्या परवानगीचा कागद फ्रेम करून भिंतीला लावायचा तेवढा बाकी ठेवला आहे. सकाळी तू शहरात ट्रस्टच्या हॉस्पिटलात, संध्याकाळी मी घरी. म्हणजे आपली गाठ पडायची नाही. फोन आहे, पण तो शेजारच्या मेडिकलवाल्याच्या काउंटरवर. तिथं कुणाच्या मूळव्याधीबद्दल चार शब्द बोललो तर ते त्याच्या व्याह्यापर्यंत जातील. म्हणून पत्र. टेबलाच्या खणात ठेवत जा, मीही ठेवीन.

तू पाच वर्षांची असताना याच टेबलावर तुला धरून बसवताना तुझ्या वडिलांना आणि आपल्या कंपाउंडर ज्ञानूला घाम फुटला होता. मी सुई दिली आणि तू माझ्या मनगटाला चावलीस. ती तू आज माझ्या खुर्चीत बसणार याचा मला फार आनंद आहे. हे एकदाच लिहितो, रोज लिहिणार नाही.

नियम एकच. मी दिलेलं औषध तू पेशंटसमोर खोडायचं नाहीस, तू दिलेलं मी खोडणार नाही. एका डॉक्टरनं दुसऱ्याला खोटं पाडलं की पेशंट दोघांनाही सोडून तिसऱ्याचं दार धरतो. आपलं जे काही असेल ते आपल्यात.

एक नाव सांगून ठेवतो. बयाबाई, फौंड्रीत कामाला असलेल्या पिराजीची आई. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. साखर आहे, ती माझ्या गोळीवर बरी चालली आहे. बोलायला फटकळ, पण डॉक्टरनं दिलेली गोळी कधी चुकवायची नाही. अशा पेशंटला जपावं.

तुझा,
जोतीराम इंगवले


उचगाव, ३ जुलै १९९८

आदरणीय सर, सविनय जयभीम.

महिना होत आला. तुमच्या पेशंटनी मला पुरतं जोखून पाहिलं आहे. आकाराम मिस्त्री पहिल्याच दिवशी म्हणाले, "सुई न्हाई? मग आलो कशाला?" मी विचारलं, दुखतंय कुठं? तर म्हणाले, "त्ये तुमी सांगायचं. इंगवले डाक्टर इचारत बसत न्हाईत." मी सुई दिली नाही. ते बाहेर जाऊन ज्ञानूमामांशी भांडले आणि दोन दिवसांनी बरं वाटतंय म्हणून सांगायला परत आले, तेही जरा रागातच.

एका पावण्यांनी मला नाव विचारलं, मग आडनाव, मग वडिलांचं नाव, मग घर कुठल्या बाजूला ते. सगळं ऐकून "असू द्या, सकाळी येतो" म्हणून उठून गेले. तुमच्याकडं आले असतील. त्यांना चांगलाच ताप होता, तेवढं बघा.

बयाबाई येऊन गेल्या. उपाशीपोटीची साखर बरीच जास्त आली आहे. त्यांना एक गोळी लिहून दिली. बाकी ठीक.

काकूंना नमस्कार.

आपली,
संघप्रिया


उचगाव, ६ ऑगस्ट १९९८

चि. संघप्रिया हीस आशीर्वाद.

तुझे ते पावणे आले होते. मी त्यांना सांगितलं, ताप संध्याकाळी भरतो, तेव्हा तो संध्याकाळच्या बाईंनाच दाखवावा लागतो. ते पुन्हा आले नाहीत. दुसरीकडं गेले असतील तर जाऊ देत, त्यांच्यामुळं आपलं काही अडत नाही. असला प्रकार पुन्हा झाला तर मला कळवायचं, गिळून टाकायचं नाही.

सुईवरून तू माझी बरीच इभ्रत घालवली आहेस असं कानावर आलं. सकाळी आता दोघेचौघे विचारतात, "सुई लागतीयाच का?" इतक्या वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं.

बयाबाईंच्या पिशवीत तुझी चिठ्ठी दिसली. त्या काही बोलल्या नाहीत, मीही विचारलं नाही. पेशंटसमोर माझ्या तोंडून तुला कमीपणा येईल असं काही जायला नको. माझी गोळी पुढं चालू ठेवली आहे. लॅबवाल्याचा कागद पाहिला, साखर झकास उतरली आहे. जुन्या गोळीला वेळ लागतो, पण गुण येतो. घाई करू नये एवढंच.

तुझा,
जोतीराम इंगवले


उचगाव, २८ ऑगस्ट १९९८

आदरणीय सर, सविनय जयभीम.

बयाबाईंची साखर उतरलेली मीही पाहिली, आनंद वाटला. नव्या औषधांनाही कधीकधी गुण येतो, एवढंच म्हणते.

त्यांच्या पिशवीत तुमच्या गोळ्यांची पट्टी होती. मी काही म्हटलं नाही. दुपारच्याला भोवळ येते आणि भूक फार लागते, अशी तक्रार आहे. रक्तदाब पाहिला, बरा आहे. वय झालं, उन्हातान्हात फिरतात, त्याचं असेल.

पावण्यांबद्दल तुम्ही जे केलंत ते मी वडिलांना सांगितलं. त्या दिवशी ते दोनदा चहा प्याले. ते खूश झाले की असंच करतात.

आपली,
संघप्रिया


उचगाव, १५ सप्टेंबर १९९८

चि. संघप्रिया,

घाईत दोन ओळी. बयाबाई नवरात्राचे नऊ दिवस उपवास धरणार म्हणतात. साखर इतकी चांगली आहे की मी हो म्हणून टाकलं. टेंबलाईच्या यात्रेलाही जाणार आहेत. तुझ्याकडं विचारायला आल्या तर तूही हो म्हण, उगाच त्यांच्या मनात घोळ नको.

जो. इं.


उचगाव, २६ सप्टेंबर १९९८

आदरणीय सर,

काल ललितापंचमी होती. दवाखाना उघडून मी बसते न बसते तोच पिराजीनं बयाबाईंना रिक्षातून आणलं. मागून बायकांचा घोळका. बयाबाईंचं कपाळ हळदीकुंकवानं माखलेलं, गळ्यात झेंडूचा हार, ओटीत खण-नारळ, आणि बाई निपचित.

झालं ते असं. टेंबलाईच्या टेकडीवर देवीपुढं पंचमीचा कोहळा फोडतात, त्या गर्दीत बयाबाई थरथरायला लागल्या. घामानं चिंब झाल्या, काहीबाही बरळू लागल्या. लोकांनी ठरवलं, देवी अंगात आली. बायकांनी ओटी भरली. कुणी विचारलं जमिनीचा दावा कधी सुटंल, कुणी विचारलं सुनेला दिवस कधी जातील. पिराजीनं भर गर्दीत आईच्या पायावर डोकं ठेवलं. आणि बाईंना उपवास, म्हणून कुणी तोंडात पाण्याचा थेंबसुद्धा घातला नाही. शेवटी मान टाकली तेव्हा कुठं पिराजी घाबरला.

मी शिरेतून ग्लुकोज दिलं. सुई काढायच्या आत त्यांनी डोळे उघडले आणि म्हणाल्या, "ह्यो हार कुनी घातला?" बाहेर एक म्हातारी ओरडली, "बाईनं सुई टोचून देवी उतरवली!" ती कौतुकानं म्हणाली की रागानं, ते मला कळलं नाही.

त्यानंतर मी पिशवी उलटी केली. त्यात तुमच्या गोळ्यांची पट्टी होती आणि माझ्याही गोळ्यांची. दोन्ही सारख्याच संपत आलेल्या. सर, त्या दोन्ही गोळ्या रोज घेत होत्या. दोन्ही एकाच जातीच्या, दोन्ही साखर खाली ओढणाऱ्या, आणि वर उपवास. भोवळ, भूक, घाम, सगळं त्याचंच होतं आणि मी रक्तदाब बघत बसले.

मी तुमच्या गोळीच्या बदली माझी दिली होती. तुमची पट्टी पाहिली तेव्हापासून, वरवर गुण माझ्या गोळीचा म्हटलं तरी, त्या माझी घेतच नसतील अशी माझी समजूत झाली होती. ती का झाली ते लिहीत नाही, तुम्हाला कळेल.

दोन्ही गोळ्या बंद करून त्यांना मोठ्या दवाखान्यात पाठवलं आहे. शुद्धीवर आहेत.

संघप्रिया


उचगाव, २८ सप्टेंबर १९९८

संघप्रिया,

तुझं पत्र वाचलं. मग तुझं जुलैचं पत्र काढून पुन्हा वाचलं. "एक गोळी लिहून दिली. बाकी ठीक." माझ्या गोळीच्या बदली दिली, हे चार शब्द लिहायला तुझी शाई संपली होती का?

मी जन्मभर या गावात दवाखाना चालवला. माझ्या हातून चुका झाल्या नाहीत असं मी म्हणत नाही. पण माझ्या पेशंटचा जीव माझ्याच दवाखान्यातल्या औषधानं जायची वेळ आली नव्हती. बयाबाई गेल्या असत्या तर पिराजीनं दवाखाना फोडला असता, आणि मी त्याला अडवलं नसतं.

मोठ्या दवाखान्यातल्या एका पोरसवद्या डॉक्टरनं मला विचारलं, "सर, ही दोन औषधं एकत्र कुणी दिली?" या वयात मला ते ऐकावं लागलं. माझा तुझ्यावर फार राग आहे.

काही दिवस संध्याकाळचा दवाखाना बंद ठेवावा असं वाटतं.

जोतीराम इंगवले


उचगाव, २९ सप्टेंबर १९९८

सर,

बंद ठेवा. पण माझं पत्र काढून वाचलंत तसं तुमचं ऑगस्टचंही वाचा, तुमची सगळी पत्रं माझ्याकडं आहेत, त्यातून उतरवून देते. "पिशवीत तुझी चिठ्ठी दिसली. त्या काही बोलल्या नाहीत, मीही विचारलं नाही." चिठ्ठीवर गोळीचं नाव लिहिलेलं होतं. तुम्ही ते वाचलं होतंत आणि तरी तुमची गोळी पुढं चालू ठेवलीत. दोन्ही साखरेच्याच, हे तुम्हाला समजलं नाही असं मी कसं मानू? तुम्हाला वाटलं असणार, ही पोरगी काहीतरी लिहिते, बयाबाई कुठं घेते ते.

नियम तुमचा होता. मला ज्या टेबलावर धरून बसवलं होतं, त्याच टेबलामागं बसून "इंगवले डॉक्टरांची गोळी बंद करा" म्हणायचं धाडस मला झालं नाही. पेशंटला म्हणता आलं नाही, आणि तुम्हालाही लिहिता आलं नाही. नवी दिली की जुनी आपसूक सुटेल, असं मनाशी म्हणून मी मोकळी झाले. चूक माझी आहे, अर्धीमुर्धी नाही, अख्खी आहे. पण तुमचीही अख्खी आहे. ती वाटून घेऊन कमी होणार नाही.

दसऱ्यापासून मी येणार नाही. किल्ली ज्ञानूमामांकडं देते. हेच बरोबर आहे असं वाटतं.

संघप्रिया


उचगाव, ५ ऑक्टोबर १९९८

प्रिय डॉ. कुरणे,

हे पत्र ज्ञानूच्या हाती तुझ्या घरी पाठवतो आहे. तुझे वडील दारात असतील तर त्यांनी ते आधी वाचलं तरी चालेल.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी जेवलो नाही. तुझ्या काकूंनी कारण विचारलं, मी त्यांच्यावरच खेकसलो. त्यांनी पत्र मागून घेतलं, वाचलं, आणि म्हणाल्या, "पोरीनं काय खोटं लिहिलंय?" काल दुपारी रिक्षा करून बयाबाईंकडं गेलो. त्या घरी आल्या आहेत, शेंगा फोडत बसल्या होत्या. मी विचारलं, "बयाबाई, दोन्ही गोळ्या कशापायी घेत होता?"

"तुमी दिल्या म्हनून."

"मी एक दिली होती."

"एक तुमी दिली, एक पोरीनं दिली. तुमची सोडली तर तुमास्नी काय वाटंल? तिची सोडली तर तिला काय वाटंल? येवढीशी हुती, डाक्टरीन हून आलीया गावात. म्हटलं, दोनी घेतो की. कुनाचं मन मोडाय नको."

"अहो, मग आम्हाला विचारायचं होतं."

"काय इचारायचं? तुमी माझी पिशवी बघत हुतासा आनि गप बसत हुतासा. तीबी बघायची आनि गप बसायची. मला वाटलं, तुमचं दोघांचं ठरलंय."

घरात तिसरं कुणी नव्हतं, तरी मला तिथून उठून जावंसं वाटलं. मी इतकी वर्षं लोकांना सांगत आलो की डॉक्टरपासून काही लपवू नका. बाईंनी काहीच लपवलं नव्हतं. पिशवी उघडी टाकून त्या आपल्या दोघांपुढं बसत होत्या.

तुझी गोळी त्यांनी एक दिवसही चुकवली नाही, संघप्रिया. तुझ्या मनात काय आलं होतं ते मला कळलं. दुसऱ्या कुणाच्या बाबतीत ते खरंही ठरलं असतं, ते पावणे काय माझ्या ओळखीतले नव्हते असं नाही. बयाबाईंच्या बाबतीत ते खरं नव्हतं, हे तुला कळावं म्हणून मुद्दाम लिहितो.

आणि चिठ्ठीवरचं नाव मी वाचलं होतं. तू लिहिलंस तेच माझ्या मनात आलं होतं, अगदी त्याच शब्दांत. मी चुकलो.

पिराजी कामावरून आला तेव्हा त्याच्यासमोर बयाबाईंना सांगितलं, माझी गोळी बंद, कायमची. डॉक्टरबाईंचीच घ्यायची, तीही आता निम्मी. मोठ्या दवाखान्यातल्यांनी तसंच लिहून दिलं आहे. पिराजी म्हणाला, "का वं डाक्टर, तुमचं भांडान झालं व्हय?" मी म्हटलं, झालं, आणि आता रोज होणार आहे.

माझा नियम मी मागं घेतो. परत ये. किल्ली ज्ञानूजवळ दिली आहे. तू घेतली नाहीस तर त्याला ती तुझ्या उंबऱ्यावर ठेवून यायला सांगितलं आहे.

जोतीराम इंगवले


उचगाव, १२ ऑक्टोबर १९९८

आदरणीय सर, सविनय जयभीम.

किल्ली वडिलांनीच घेतली. वर ज्ञानूमामांना चहा दिला, तो त्यांच्याबरोबर स्वतःही दोनदा घेतला. मग मला म्हणाले, "म्हातारा चुकलो म्हणतोय, आता तुझं काय अडलंय?" म्हणून आले. माझाही राग गेला आहे, आणि गेला याचं मला बरं वाटतंय.

आल्या आल्या एक अवघड गोष्ट. काल बयाबाई एकट्याच आल्या. ज्ञानूमामांना बाहेर जायला सांगितलं, दार ओढून घेतलं आणि म्हणाल्या, "पोरी, खरं सांग. त्या दिवशी मला देवी आलती का साखर?"

मी म्हटलं, "साखर."

"मलाबी तसंच वाटाय लागलंय." मग हसल्या. "पन पिराजीला सांगू नगंस."

मी कारण विचारलं. त्या म्हणाल्या, "मालक गेल्यापासनं लेक माझ्यासंगं धड बोलला न्हाई. जेवलीस का म्हनून कधी इचारलं न्हाई. मी घरात हाय का न्हाय, त्येला पत्ता नसायचा. आता कामावर जाताना पाया पडून जातोय. सून पयलं ताट मला वाढती. साखर हुती म्हनलीस की सपलं बघ सगळं."

सर, आमच्या घरात देवदेवी नाहीत. अंगात येणं हे थोतांड आहे, हे मी वडिलांच्या मांडीवर बसून शिकले. त्या दिवशी पिराजी देवीचं काही बोलू लागला तेव्हा मी त्याला तिथंच सगळं सांगणार होते, पण बाईंना हलवायची घाई होती म्हणून राहिलं, आणि मोठ्या दवाखान्यातल्यांनी इंग्रजीत जे लिहून दिलं ते त्याला कळलेलं दिसत नाही. आता त्या स्वतःच हात जोडून नको म्हणताहेत. पण पुन्हा साखर उतरली आणि पुन्हा घरच्यांनी हळदीकुंकू लावलं तर? मला काही सुचत नाही. आडपडदा न ठेवता लिहा.

आपली,
संघप्रिया


उचगाव, १४ ऑक्टोबर १९९८

प्रिय डॉ. कुरणे,

आडपडदा न ठेवता लिहितो. पिराजीला सांग. मी रोज अंबाबाईच्या तसबिरीला हात जोडून घराबाहेर पडणारा माणूस, तरी हेच म्हणतो. आईचा जीव राहिला तर तिचा मान राहणार. न बोलण्यानं काय होतं ते आपण दोघांनी आत्ताच पाहिलं आहे, आणि बाई पुन्हा आपल्याला तेच करायला सांगताहेत.

तुला जमत नसेल तर मी सांगतो. दिवाळीला तो फराळाचा डबा घेऊन येतोच.

जोतीराम इंगवले


उचगाव, १६ ऑक्टोबर १९९८

आदरणीय सर, सविनय जयभीम.

तुम्ही सांगायचं नाही. मी तुम्हाला पहिल्यांदाच नाही म्हणते आहे आणि लेखी म्हणते आहे. राग आला तर येऊ द्या, पण पत्र शेवटपर्यंत वाचा.

आपण गप्प बसलो तेव्हा एकमेकांना बरं वाटावं म्हणून बसलो. बयाबाईंना कुणी विचारलंच नव्हतं. इथं त्याच विचारताहेत. आजार त्यांचा आहे, त्यातलं कुणाला काय सांगायचं ते त्यांनी ठरवावं. जीव वाचवायला मी बांधलेली आहे. त्यांच्या लेकाला शहाणा करायला नाही, अगदी तो चुकीचं समजत असला तरी. हे लिहिताना मला माझ्याशीच भांडावं लागलं. वडिलांना तर मी अजून सांगितलेलंच नाही.

पण धोका लपवायचा नाही हे तुमचं म्हणणं खरं आहे. म्हणून काल बयाबाईंना पुन्हा बोलावलं आणि स्पष्ट सांगितलं, पुढच्या वेळी लोक पाया पडत राहतील आणि तुम्ही मराल. त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. मग म्हणाल्या, "मग आसं करतो. घरात सांगतो, देवीनं सपनात येऊन सांगितलंय, आंगात आलो की आदी गुळाचा खडा तोंडात घाला. गूळ न्हाई मिळाला तर कोपतो म्हनून."

मी म्हटलं, "आणि डोळे मिटले असतील तर तोंडात काहीसुद्धा घालायचं नाही. तसंच उचलून दवाखान्यात आणायचं."

"त्येबी देवीच सांगंल. देवी काय, मी सांगीन त्ये सांगंल की."

सर, मला हे पटत नाही. पण याहून चांगलं मला सुचत नाही. तुम्हाला सुचलं तर लिहा. नाही सुचलं, तर पिराजी तुमच्याकडं आल्यावर काय बोलायचं ते तुम्ही ठरवा. मी फक्त मला काय वाटतं ते सांगितलं.

संघप्रिया


उचगाव, २६ ऑक्टोबर १९९८

प्रिय डॉ. कुरणे,

राग आला. दोन दिवस राहिला. तुझ्यापेक्षा चांगलं काही सुचावं म्हणून अख्खी दिवाळी खटपट केली, चिवडा खाताना, फिरायला जाताना, तुझ्या काकूंचं बोलणं ऐकतोय असं दाखवताना. सुचलं नाही.

आज सकाळी पिराजी आला. फराळाचा डबा टेबलावर ठेवला, पण बसला नाही. पेशंट संपेपर्यंत दाराशी थांबला आणि मग आत येऊन हळू आवाजात म्हणाला, "डाक्टर, एक इचारू का? आई म्हनती, देवीला आदी गूळ लागतो. गूळ तोंडात घालायचा, आनि डोळं मिटल्यालं आसलं तर काय न घालता थेट दवाखान्यात आनायचं. आसं आसतं व्हय?"

खरं सांगायचं तर साखर हा शब्द माझ्या जिभेवर आला होता. तू समोर असतीस तर मी नक्की बोललो असतो, निव्वळ तुझ्याशी वाद घालायला. पण त्याच्या तोंडाकडं पाहिलं. बापाच्या मयताच्या दिवशी याच दवाखान्यात तो माझ्यासमोर उभा होता, तेव्हाही त्यानं आईबद्दल एक शब्द विचारला नव्हता. आज विचारत होता.

मी म्हटलं, "असतं. आधी गूळ. मग रिक्षा. पाया पडायचं सगळ्यात शेवटी."

त्यानं खिशातून कागदाची पुडी काढून मला दाखवली. गुळाचा खडा होता. असाच एक आईच्या कनवटीला बांधून ठेवलाय म्हणाला, एक बायकोजवळ, एक शेजारणीकडं. मग जरा घुटमळला.

"राग मानू नका डाक्टर, पन काल संध्याकाळी बाईंनाबी इचारून आलतो."

"मग? बाई काय म्हणाल्या?"

"ह्येच. आदी गूळ, मग रिक्षा, पाया पडायचं शेवटी." त्यानं पुडी परत खिशात ठेवली आणि दाराकडं निघाला. "तुमी दोघंबी येकच म्हनतासा म्हंजे खरंच आसंल."

जोतीराम इंगवले